काळी चौकट कुणाची?

त्या वर्षी साथीमुळे इंडोनेशियातल्या आमच्या सालातिगात सगळंच बंद होतं, माझी बालवाडीही बंद होती, आणि म्हणूनच सतरा ऑगस्टचा, म्हणजे आमच्या स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम माझ्या गळ्यात पडला. आमच्या गल्लीचे प्रमुख बापाक गुनादी (बापाक म्हणजे काका) एका सकाळी फाटकाबाहेर येऊन उभे राहिले. नाकावरचा मास्क हनुवटीखाली ओढत म्हणाले, "म्बाक निंग," म्हणजे निंगताई, "तू रोज पोरांना फोनवरून गाणी शिकवतेस ना? मग आम्हालाही घे. आम्ही काय, जरा मोठी पोरंच."

"बापाक, आधी मास्क वर."

"हो, हो." त्यांनी तो वर ओढला आणि बोलणं तसंच पुढे चालू ठेवलं. "मैदानावर दरवर्षी होतं ते सगळं व्हायला पाहिजे. झेंडा, भाषण, खेळ, बक्षिसं. फक्त घराबाहेर कुणी पडायचं नाही."

"पोत्यातली शर्यत घरात कशी घ्यायची?"

"ते तू बघ. शिकलेली आहेस," असं म्हणून ते पुढच्या घरी गेले.

एका रविवारी संध्याकाळी मी पहिली तालीम घेतली. गल्लीतल्या सगळ्यांच्या फोनवर मीटिंगची लिंक पाठवली. सुरुवातीला गंमत वाटली. आपल्याच शेजाऱ्यांची स्वयंपाकघरं, त्यांचे पंखे, भिंतीवरची घड्याळं बघायला मिळत होती. मग बापाक गुनादी भाषणाला उभे राहिले. मैदानावर वापरायचा भोंगा त्यांनी सवयीनं हातात घेतला आणि तो थेट फोनला लावला. सगळ्या घरांतून एकदमच किंकाळी उठली. ती शांत होईपर्यंत निम्म्या चौकटी काळ्या झाल्या होत्या, आणि भाषण संपेपर्यंत उरलेल्याही. शेवटी टाळ्या वाजवायला मी आणि इबू मुर्नी एवढ्याच राहिलो, आणि इबू मुर्नी, म्हणजे मुर्नीकाकू, तर त्यांची बायकोच.

मला वाईट वाटण्याऐवजी कुतूहलच जास्त वाटलं. हीच माणसं मैदानावर तीच भाषणं दरवर्षी ऐकतात, आणि कुणी उठून जात नाही. मग तिथं त्यांना कोण धरून ठेवतं? मी ठरवलं की विचारूनच बघू. पुढचे काही दिवस मी कुंपणाकुंपणांवरून सगळ्यांना एकच प्रश्न विचारत फिरले. "खरं सांगा, सतरा ऑगस्टला तुम्ही कशाला येता?"

सायकल दुरुस्त करणारे बापाक सुगिमान म्हणाले, "गुनादी पोत्यात पाय घालून आपटतात ते बघायला. आणखी कशाला?"

कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "कोण आलं नाही ते बघायला."

एका मुलीनं जे सांगितलं, ते मात्र माझ्या डोक्यात राहिलं. ती म्हणाली, "भोंग्यावरून माझं नाव घेतात ना, म्हणून."

बालवाडीत हे मला रोज दिसत होतं आणि तरी सुचलं नव्हतं. ज्या मुलाचं नाव मी बराच वेळ घेत नाही, ते फोनसमोरून उठून मांजराकडे जातं. मोठ्यांचं तेच. मैदानावर माणूस भाषण ऐकत नसतो; तो शेजाऱ्याला चिमटे काढत असतो, कुणाच्या तरी नव्या चपलांवर बोलत असतो, त्याला कुणीतरी हाक मारत असतं. म्हणून मी भाषण काढून टाकलं. बापाक गुनादी दोन दिवस रुसले. मी त्यांना म्हटलं, "भाषण नाही, पण भोंगा तुमचाच. खेळ चालू असताना प्रत्येकाचं नाव घ्यायचं आणि प्रत्येकाला टोमणा मारायचा. जमेल?"

"टोमणा?" त्यांचा चेहरा उजळला. "कुणाकुणाला मारायचा ते सांग."

दुसरी तालीम ठेवली ती प्रश्नांच्या खेळाची. प्रश्न सगळे आपल्याच गल्लीचे. कुणाचा कोंबडा पहाटेऐवजी दुपारी आरवतो? कुणाच्या लग्नात मांडव पडला? या वेळी एकही चौकट काळी झाली नाही. लोक एकमेकांवर ओरडत होते, हसत होते, उत्तर चुकलं की शेजारच्या घरात हसू फुटायचं आणि ते भिंतीतूनही ऐकू यायचं.

एकही नाही, असं मी म्हटलं. पण एक होती. खाली कोपऱ्यात एक चौकट पहिल्यापासून काळीच होती. तिच्यावर नाव म्हणून फक्त एकच इंग्रजी अक्षर होतं, एस.

"हे एस कोण?" मी विचारलं. "सुगिमान, दोन फोन लावलेत का?"

"माझा एकच फोन आहे आणि तोही मेव्हण्याचा," सुगिमान म्हणाले.

"मग सार्वोनो? सुसिलो?"

दोघांनी हात हलवून नाही म्हटलं. बापाक गुनादी गंभीर झाले. "सरकारी कचेरीतलं कुणी असणार. आपण जमाव करतोय का ते बघत असतील."

"घरात बसून कसला जमाव?" त्यांची सून म्हणाली. तिचं नाव रात्री. रात्री उंच, कमी बोलणारी, लग्न होऊन आलेली जेमतेम वर्षभरापूर्वी. बोलली की नेमकं बोलायची.

"मग आपला गेलेला म्हातारा, म्बाह सादिमिन असेल," सुगिमान म्हणाले. "वारला तरी सतरा ऑगस्ट सोडणार नाही तो."

सगळे हसले. मी पुढचा प्रश्न विचारला: आपल्या बॅडमिंटनच्या जाळीचं एक टोक खांबाला आणि दुसरं पेरूच्या झाडाला का बांधतात?

हे सगळ्यांना माहीत होतं. विटांच्या ट्रकनं दुसरा खांब पाडला होता. पाच-सहा जण एकदम "ट्रक! ट्रक!" म्हणून ओरडले. तेवढ्यात पडद्यावर एसनं लिहिलेलं उत्तर आलं. "ट्रक नाही. बापाक गुनादी गाडी मागे घ्यायला शिकत होते."

क्षणभर कुणाला कळेना. मग बापाक गुनादींचा चेहरा असा काही लाल झाला, की सगळ्यांना एकदमच कळलं.

"बापाक!" सुगिमान किंचाळले. "त्या खांबासाठी आपण वर्गणी काढायला निघालो होतो!"

"हे कुणी लिहिलं?" बापाक गुनादी भोंग्याशिवायच गरजले. "हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं!"

लोक डोळे पुसत हसत होते. मी मात्र गुनादींच्या चौकटीकडे बघत राहिले. घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे घरातल्या कुणाला तरी माहीत होतं. त्यांच्या मागे मुलगा विजी बसला होता, तो हसता हसता थांबला होता. आणि इबू मुर्नी पदर सावरावा तसा डोक्यावरचा रुमाल पुन्हा पुन्हा नीट करत होत्या, खाली बघत.

मीटिंग संपल्यावर मी एकट्या एसलाच दिसेल असा निरोप लिहिला. "तुम्ही कोण?"

उत्तर आलं: "मला काढू नका. आता काही लिहिणार नाही. नुसती बघत बसेन."

नुसती. म्हणजे बाई होती.

इबू मुर्नी सकाळी फाटकातच टेबल लावून टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांची भजी तळायच्या. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गर्दी संपल्यावर गेले. त्या झाऱ्यानं भजी उलटत होत्या. मी सरळच विचारलं, "इबू, एस कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे ना?"

"मला काय माहीत? मला तो फोन धड उचलता येत नाही."

"लिंक पुढे पाठवता येते, तेवढं पुरतं."

त्यांनी घराकडे एकदा वळून पाहिलं. आत कुणी नव्हतं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सेत्यानी आहे."

मला ती आठवली. विजीची पहिली बायको. बुटकी, चटपटीत, बोलायला लागली की थांबायची नाही. त्यांचं लग्न का मोडलं ते गल्लीला कधी नीट कळलं नाही. भांडणं ऐकू आली नाहीत, मूल नव्हतं. विजी कामासाठी सेमारांगला राहायला लागला आणि हळूहळू दोघं दोन बाजूंना झाली एवढंच. ती गेली त्या दिवशी एका रिक्षात तिची बॅग होती आणि मांडीवर शिलाई मशीन. बापाक गुनादींनी तेव्हा म्हटलं होतं म्हणे, या घरात तिचं नाव निघायचं नाही. ते निघालंही नाही. निदान कुणाला ऐकू येईल असं.

"उंगारानला असते," इबू मुर्नी सांगत होत्या. "कपड्यांच्या कारखान्यात. आता दवाखान्यांसाठी अंगरखे शिवतात. एका खोलीत एकटी. परवा फोनवर म्हणाली, आई, आठवडाभर माझ्याशी कुणी शिवणाशिवाय दुसरं बोललं नाही. मग मी पाठवली ती लिंक. काय वाईट केलं?"

"तुम्ही बोलता तिच्याशी?"

"मग? विजीशी तिचं लग्न मोडलं. माझ्याशी काय मोडलं तिचं?" त्यांनी भजी कागदात बांधली, जरा जास्तच घट्ट. "पण निंग, रात्री चांगली पोर आहे. तिला टोचेल असं मला काही करायचं नाही. आणि ह्यांना कळलं तर हे घर डोक्यावर घेतील. तू काही बोलू नकोस. ती काळीच राहू दे कोपऱ्यात."

मी बोलणार नाही म्हटलं. पण घरी येताना माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. आम्ही सगळे एकमेकांपासून लांब राहायला लागून थोडेच महिने झाले होते आणि आमचा जीव कासावीस झाला होता. सेत्यानी तर या मैदानावर आधीपासूनच येऊ शकत नव्हती, मैदान उघडं असतानाही. दार बंद झालं म्हणून तिला खिडकी सापडली होती. आणखी किती जणांचं असं असेल, मला कळेना. मी त्या संध्याकाळी एसला लिहिलं, "राहा. आणि उत्तरंही लिहा. गल्लीला मजा आली."

तिनं फक्त एक हसरा चेहरा पाठवला.

खरा खेळ होता तो करुपुकचा. पांढरा जाळीदार पापड दोरीला टांगायचा, हात पाठीमागे धरायचे, आणि तोंडानंच तो खायचा. मैदानावर एका लांब दोरीला सगळ्यांचे करुपुक ओळीनं टांगतात. आता घराघरात टांगायचे तर सगळ्यांचे सारखे हवेत, नाहीतर कुणी छोटासा आणून ठेवील आणि जिंकेल. म्हणून मी आणि सुगिमाननी एकाच दुकानातून पापड आणले, एकसारख्या दोऱ्या कापल्या आणि घरोघरच्या फाटकांना पिशव्या अडकवून आलो. पिशवीत खडूचा तुकडाही टाकला. दाराच्या चौकटीवर पापड कुठवर लोंबायला हवा ती खूण घरातल्या पोरांनी करायची, खेळणाऱ्याच्या नाकाच्या उंचीवर. पंच पोरंच; घरात पोर नसेल तर कुंपणापलीकडचं. मोठ्यांना कुणीही फसवेल, पोरांना पंच केल्यावर फसवणं अवघड.

इबू मुर्नींच्या फाटकाशी आलो तेव्हा त्या उभ्याच होत्या. "मला एक जास्त दे," त्या म्हणाल्या. "वाटेत फुटला तर."

"घरातल्या घरात कुठली वाट?" सुगिमाननी विचारलं.

"तुम्ही सायकली बघा," त्या म्हणाल्या.

मी गुपचूप एक पिशवी जास्त दिली. उंगारानला जाणाऱ्या सामानाच्या गाडीत ती दुपारी चढली असणार.

सतरा ऑगस्टला सकाळी आधी झेंडा झाला. सगळे आपापल्या अंगणात ताठ उभे राहिले, आणि मग फोनसमोर जमले. बापाक गुनादी लाल-पांढरी पट्टी डोक्याला बांधून बसले होते. भोंगा होता, पण मी त्यांना शपथ घातली होती, म्हणून तो त्यांनी हातभर लांब धरला होता. एसची चौकट कोपऱ्यात काळी होती.

"हात मागे!" गुनादी ओरडले. "एक, दोन, सुरू!"

मग जे झालं ते मी मैदानावरही कधी पाहिलं नव्हतं. मैदानावर आपण लांबून बघतो. इथं प्रत्येकाचं तोंड पडद्याइतकं मोठं होतं. दात, मिशा, हलणारा पापड, जिभा. गुनादी रंगात आले होते. "सुगिमान, पापड खायचाय, त्याची पापी नाही घ्यायची! सार्वोनो, दात घरी ठेवून आलात का? घरीच आहात, आणा की! रात्री, शाबास! सासूसमोर इतकं लाजत खायचं नसतं, चाव, चाव!"

रात्री शेजारच्याच खोलीत दारात उभी होती. तिला हसू आलं आणि तिचा पापड दोरीसकट गोल फिरायला लागला.

आणि तेव्हाच एसची चौकट उजळली.

एक छोटीशी खोली दिसली. मागे शिलाई मशीन, त्याच्यावर निळ्या कापडाचा ढीग. दाराच्या चौकटीला दोरी, आणि दोरीखाली सेत्यानी, हात मागे, टाचा उंचावून पापडाशी झटत होती. तिनं जाणूनबुजून कॅमेरा लावला की फोन नीट टेकवताना चुकून लागला, ते मला त्या क्षणी कळलं नाही.

भोंगा थांबला. एकेक तोंड चावायचं थांबलं. विजीची चौकट, तो वेगळ्या फोनवरून बघत होता, ती काळी झाली. इबू मुर्नी मागून पुढे आल्या आणि नवऱ्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. माझं बोट फोनवर होतं. एक बटण दाबलं की ती चौकट मी बाहेर काढू शकत होते. मी दाबलं नाही, पण दाबू नये असं काही ठरवलं होतं असंही नाही. नुसती बघत राहिले.

सेत्यानीला काहीच कळलं नव्हतं. ती डोळे मिटून खात होती.

"बापाक," सुगिमान तोंडातल्या पापडासह म्हणाले, "आवाज गेला का तुमचा?"

"आवाज आहे," बापाक गुनादी म्हणाले. त्यांनी घसा खाकरला. भोंगा वर उचलला, पुन्हा खाली घेतला आणि साध्या आवाजात म्हणाले, "सेत्यानी, हात मागे. त्या वर्षी तू बोट लावून जिंकलीस. मी पाहिलं होतं."

सेत्यानीनं डोळे उघडले. सगळे तिच्याकडे बघताहेत हे तिला तेव्हा कळलं. तिचं तोंड पापडानं भरलेलं होतं.

"नाही लावलं, बापाक," ती कशीबशी म्हणाली.

"लावलंस. डाव्या हाताचं. सून म्हणून बोललो नाही."

"मग आता का बोलताय?"

"आता तू सून नाहीस ना," गुनादी म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून डोक्यावरची पट्टी सारखी करू लागले.

मग सेत्यानी खदखदून हसली. पापडाचे तुकडे सगळीकडे उडाले. तिचं हसणं ऐकून आधी इबू मुर्नी हसल्या, मग सुगिमान, आणि मग सगळ्या चौकटीच हलायला लागल्या. या गोंधळात एकटी रात्री शांतपणे चावत राहिली होती. शेवटचा तुकडा गिळून तिनं तोंड उघडून पंचाला दाखवलं. तिची पंच झालेल्या शेजारच्या पोरीनं खिडकीलगतच्या कुंपणावरून हिरवा झेंडा हलवला.

"रात्री जिंकली!" गुनादींनी भोंगा तोंडाला लावला, आणि सगळ्यांच्या फोनमधून पुन्हा तीच किंकाळी उठली.

बक्षीस होतं प्लास्टिकची लाल बादली. ती न्यायला रात्री दुसऱ्या दिवशी आमच्या फाटकाशी आली. मी बादली पुढे केली. तिनं घेतली, पण जाईना.

"तुला राग आला का?" मी विचारलं.

"कशाचा?" ती म्हणाली. मग बादलीची कडी फिरवत, "आला थोडा. ती एस आहे हे सगळ्यांना माहीत होतं, मला नव्हतं, त्याचा. तिचा नाही."

"मलाही आधी माहीत नव्हतं."

"म्बाक, मला एक सांगा. ती नेहमी अशीच फटकन बोलायची?"

"त्याहून जास्त."

रात्रीनं बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला एक खिळा आहे. अगदी खाली. माझ्या कंबरेशी येतो, रोज कपडा अडकतो. काढू म्हटलं की सासूबाई म्हणतात, राहू दे. का, ते सांगत नाहीत. तो तिचा असणार, हो ना?"

"मला कसं कळणार?"

"तिला विचारता येईल?"

मला वाटलं ती माझी थट्टा करतेय, पण तसं नव्हतं. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. आमच्या घरासमोरच्या बाकावर बसून, मध्ये दोन हात जागा ठेवून, आम्ही एसला फोन लावला. सेत्यानी कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत होती. रात्रीनं स्वतःच विचारलं, नमस्कार-चमत्कार न करता.

"तो खिळा कशाला होता?"

सेत्यानी म्हणाली, "चाळणीला. वरच्या खिळ्यापर्यंत माझा हात पोचायचा नाही. बापाकनी मारून दिला होता. तुला त्रास होतो का?"

"होतो. पोटाशी टोचतो."

"मग काढ की! त्याला काय विचारायचं?"

"सासूबाई काढू देत नाहीत."

"त्यांना सांग, मी सांगितलंय." मग ती जरा गडबडून म्हणाली, "नाही, तसं नको सांगू. तू तुझं तूच काय ते सांग."

रात्री त्या दिवशी पहिल्यांदा हसली. "सांगते, तूच सांगितलंस म्हणून."

खिळा निघाला. बापाक गुनादींनीच तो पकडीनं उपटला आणि खिशात टाकला, असं रात्रीनं मला सांगितलं. विजी महिनाभर आमच्या कुठल्याच मीटिंगला आला नाही. मग हळूहळू यायला लागला, मागच्या खुर्चीवर बसून. सेत्यानीशी तो बोलायचा नाही. तीही त्याच्याशी बोलायची नाही.

मीटिंगा मात्र चालूच राहिल्या. सतरा ऑगस्ट संपला तरी लोक दर रविवारी विचारायला लागले, म्बाक निंग, आज काय? मी कधी प्रश्न काढायची, कधी प्रत्येकानं घरातली सर्वांत जुनी वस्तू दाखवायची, कधी नुसतं एकमेकांच्या स्वयंपाकावर बोलायचं. आणि गल्लीतून निघून गेलेली माणसं एकेक करून यायला लागली. आधी सार्वोनोंचा बालीला गेलेला भाऊ. मग कुणाची तरी कालिमांतानला दिलेली मुलगी. त्यांना लिंक कुणी पाठवली हे आता कुणी विचारत नव्हतं. कोपऱ्यात नवीन काळी चौकट दिसली की बापाक गुनादी भोंगा उचलायचे आणि म्हणायचे, "कोण आहे ते? नाव सांगायचं नसेल तर नको, पण बस. आणि टोमणा मारून घ्यायची तयारी ठेव."